पडसं नव्हतं

“न्हाई,” पीरमहंमदचाचा म्हणाले.

त्यांनी ग्लास नाकापासून दूर नेला, टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरून ते हात बांधून उभे राहिले. टेबलाभोवती आम्ही चौघं होतो. चौघांच्याही हातात तीच व्हिस्की होती आणि पाचच मिनिटांपूर्वी चौघांनीही तिची तोंड भरून तारीफ केली होती.

“न्हाई म्हंजे?” आबासाहेबांनी विचारलं.

“म्हंजे ही ती न्हाई, मालक. लेबल तिचं हाय. आत दुसरीच हाय.”

वहीत लिहिणाऱ्या मामांची लेखणी थांबली. सुभेदार उगीचच खोकले. बाहेर टेनिसच्या मैदानावर कुणीतरी चुन्याच्या रेषा मारत होतं, त्या डब्याचा खडखडाट तेवढा ऐकू येत राहिला. १९४४ सालच्या एप्रिलमधला रविवार होता आणि दुपारचे बारा वाजून गेले होते.

नगरला भिंगारच्या रस्त्यावर हा छोटा क्लब होता. माझे मामा कोर्टात वकील आणि क्लबाचे सभासद. मी बी.एस्सी. होऊन जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो होतो. सुट्टीला मामांकडे आलो की ते मला बरोबर न्यायचे. सभासदांपैकी तिघांना व्हिस्कीचा शौक होता: सोनईचे बागायतदार आणि क्लबाचे अध्यक्ष आबासाहेब, रिसाल्यातून पेन्शनीत निघालेले सुभेदार कारभारी, आणि मामा. महिन्यातून एका रविवारी एक बाटली उघडायची, प्रत्येकानं दोन-चार घोट घ्यायचे आणि काय जाणवलं ते बोलायचं, असा त्यांचा रिवाज होता. मामा सगळं वहीत उतरवून घेत. सुभेदारांना प्रत्येक व्हिस्कीत घोड्याच्या खोगिराचा वास यायचा.

“सुभेदार, तुम्हाला दुधालाही खोगिराचाच वास येत असेल,” असं मामा एकदा म्हणाले होते.

“यितोच की. वीस वर्सं खोगिरावर बसूनच प्यालोय दूध.”

सगळ्यांचं बोलून झालं की शेवटचा शब्द आबदाराचा. आबदार म्हणजे मेसमधली पेयांची कपाटं सांभाळणारा आणि पेयं वाढणारा माणूस. पीरमहंमदचाचांनी कँपातल्या गोऱ्यांच्या मेसमध्ये एकोणीस वर्षं आबदारी केली होती. ती पलटण हलली तेव्हा ते क्लबात आले, त्याला आता आठ वर्षं झाली होती. एवढ्या सत्तावीस वर्षांत त्यांनी दारूचा एक थेंबही जिभेवर घेतलेला नव्हता. “दुसऱ्याला दारू वतून देनं पाप हाय का न्हाई, ते मी मौलवीसायबांना कदी इचारलं न्हाई,” ते मला एकदा म्हणाले होते. “पन प्यायची न्हाई, एवढं न इचारताबी ठाऊक हाय.” ते फक्त वास घेत आणि बोलत एक-दोन शब्द. ‘हाय’ म्हणजे अस्सल. ‘बरी हाय’ म्हणजे प्यावी, बोलू नये. ‘न्हाई’ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

त्या दिवशीची बाटली आबासाहेबांची होती. लढाईमुळं विलायती माल दिसेनासा झाला होता, आणि आबासाहेबांनी पुण्याच्या कुणा दलालामार्फत दोन बाटल्या मिळवल्या होत्या. एक बैठकीसाठी, दुसरी पुढच्या आठवड्यात कलेक्टरसाहेबांना भेट द्यायला. हे त्यांनी आम्हाला तीन वेळा सांगितलं होतं. पहिल्या घोटानंतर ते स्वतः म्हणाले की पिकल्या पेरूचा वास येतोय. सुभेदारांना खोगीर आलं. मामांनी ‘मध, मागाहून धूर’ असं लिहिलं. मी ‘ओकच्या पिंपाचं लाकूड’ असं सांगितलं आणि मामांनी कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. ओकचं झाड मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. शब्द पुस्तकातला होता.

आणि त्यावर आता हे ‘न्हाई’.

“तू चाखली का?” आबासाहेब म्हणाले.

“न्हाई.”

“मंग चाख. आत्ता, हितं, आमच्यासमोर. चाख आन् मंग बोल.”

“मी चाखत न्हाई, मालक. तुमाला ठाऊक हाय.”

“अरं, जिभंवर न ठिवता निकाल देतो व्हय? उद्या म्हनशील, सैपाक खारट झालाय, ह्ये मला लांबूनच कळतं!”

“रोजाच्या महिन्यात आमच्या घरात सैपाक करनारीचा उपासच असतो, मालक. न चाखताच करती. आजवर मीठ चुकलं न्हाई.”

सुभेदारांना हसू आवरलं नाही. आबासाहेबांचा चेहरा त्या हसण्यानं जास्त तापला. ते माझ्याकडं वळले.

“गोरक्ष, तू शिकलेला. तुज्याकडं ते यंत्र हाय न्हवं?”

यंत्र होतं. कारखान्यातला हायड्रोमीटर पुण्याहून दुरुस्त करून मी परत नेत होतो. तो लाकडी पेटीत मखमलीवर झोपलेला होता. मी काचेच्या उंच भांड्यात व्हिस्की ओतली, तिचं तापमान पाहिलं, ते चौऱ्याऐंशी अंश फॅरनहाइट होतं. पितळी गोळा सोडला, तो स्थिर होईपर्यंत थांबलो, आकडा वाचला, कोष्टक काढलं. उत्तर बाटलीवर छापलेल्या आकड्याशी जुळलं. अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

इथं मी थांबलो, आणि ही माझी चूक. मला पुढचं वाक्य ठाऊक होतं. हायड्रोमीटर द्रवाची घनता सांगतो आणि त्यावरून आपण त्यातलं स्पिरिट काढतो. ते स्पिरिट सातूचं की बटाट्याचं की आणखी कशाचं, हे तो सांगू शकत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे कळतं. पण सगळे माझ्याकडं पाहत होते, यंत्र चकाकत होतं, आणि माझं ओकचं लाकूड वहीत लिहिलेलं होतं.

“आयकलंस?” आबासाहेब म्हणाले. “यंत्र खोटं बोलत न्हाई.”

चाचांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

“साहेब, ह्ये यंत्र काय मोजतं?”

“कस. म्हणजे स्पिरिट किती आणि पाणी किती.”

“म्हंजे ताकद.”

“हो.”

“ताकद रेड्यातबी असती, साहेब. म्हनून त्याला कोनी घोडा म्हनत न्हाई.”

“ह्ये मातर रिसाल्याच्या मान्साला पटलं बगा,” सुभेदार म्हणाले आणि आबासाहेबांची नजर लागताच ग्लासात पाहू लागले.

चाचा पुढं म्हणाले, “दिवाळीची जुनी बाटली हाय कपाटात. हेच लेबल. अर्धी उरलीया. तवा मी ‘हाय’ म्हनलो हुतो. ती आना, ही आना. कशीबी वता. मी बाहीर जातो. चुकलो तर तुमी सांगाल ते म्हनतो.”

अशा परीक्षेची मांडणी मला येत होती आणि खरं सांगायचं तर मला तिची उत्सुकताही होती. चाचांना व्हरांड्यात पाठवलं. सहा एकसारखे ग्लास घेतले, तीनमध्ये जुनी ओतली, तीनमध्ये नवी. तळाला खूण केलेले कागदाचे तुकडे चिकटवले आणि डोळे मिटून सगळे ग्लास मागंपुढं सरकवले, म्हणजे कुठला कुठं आहे हे मलाही कळू नये. मग त्यांना आत बोलावलं.

ते एकेका ग्लासावर वाकले. घाई नव्हती. प्रत्येक ग्लासानंतर ते स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीचा वास घेत आणि मगच पुढचा उचलत. आधीचा वास पुसायला, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तिसऱ्या ग्लासाशी ते परत आले, पुन्हा वाकले. मग तीन ग्लास उजवीकडं सरकवले, तीन डावीकडं.

“ह्या हाईत. ह्या न्हाईत.”

मी एकेक ग्लास वर उचलून खालून तळ पाहिला. सहाही बरोबर होते. नुसत्या अंदाजानं असं येण्याची शक्यता विसात एक.

“पुन्यांदा,” आबासाहेब म्हणाले.

पुन्हा मांडलं. पुन्हा सहाही बरोबर. चारशेत एक. मी हे मोठ्यानं बोललो, पण चारशेचं तिथं कुणाला काही वाटलं नाही. त्यांना चाचांचा चेहराच पुरेसा होता, आणि त्याचाच आबासाहेबांना राग येत होता.

“आता तुमी बगा,” चाचा म्हणाले. “नाक समद्यांनाच दिलंय देवानं. हात पुडं करा.”

सांगण्याची ही तऱ्हा क्लबात कुणी नोकरानं वापरली नव्हती. पण सुभेदारांनी हात पुढं केला आणि मग आम्ही सगळ्यांनीच केला. चाचांनी प्रत्येकाच्या तळव्यावर बाटलीतून काचेच्या सुरईत काढलेल्या नव्या व्हिस्कीचे चार थेंब टाकले.

“दुसऱ्या हाताच्या आंगठ्यानं चोळा. जोरात. स्पिरिट उडून जाऊ द्या. तळवा कोरडा झाल्याबिगर हुंगायचं न्हाई. मेसमदी एक गोरा सार्जंट हुता, त्यानं शिकिवलं. म्हनायचा, दारू उडाली की खाली तिची आई ऱ्हाती. ती कोन ते बगायचं.”

चार मोठी माणसं भर दुपारी तळवे चोळत बसली. मग आम्ही तळवे नाकाशी नेले.

मला लगेच कळलं. मळीचं स्पिरिट होतं. उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर जो काळा चिकट पाक उरतो, त्याचा करपट, आंबूस वास. मी दिवसाचे दहा तास त्याच वासात राहतो. माझ्या सदऱ्याला, वहीला, उशीला तो वास आहे, आणि म्हणूनच ग्लासातून तो मला आलाच नव्हता. आमच्या चौघांत मळी ओळखण्याची पात्रता फक्त माझी होती, आणि मी ओक सांगून बसलो होतो.

“च्यायला,” सुभेदार म्हणाले, “साखर कारखान्याच्या मागल्या अंगाला हुबा ऱ्हायल्यावानी वाटतंय.”

चाचांनी मग जुन्या बाटलीचे थेंब दुसऱ्या तळव्यावर दिले. तिथं भाजलेल्या धान्याचा वास राहिला, हुरड्याच्या आगटीजवळ बसल्यासारखा. दोन तळव्यांत फरक एवढा होता की वाद घालायला जागा नव्हती. आबासाहेबांनी दोन्ही तळवे हुंगले, रुमालानं पुसले आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. हे सगळं त्यांनी फार सावकाश केलं.

“बरं,” ते म्हणाले. “तुजं नाक खरं. ह्यात मळी हाय. आता मला सांग, गुरवारी बाटली मी कोनाच्या हातात दिली?”

“माज्या.”

“कपाटाची किल्ली कोनाकडं?”

“माज्याकडं.”

“आज सकाळी बाटली फोडून सुरईत कोनी वतली? तवा तिथं दुसरं कोन हुतं?”

“मीच वतली, धा वाजता. कोनी नव्हतं. नेहमीचा रिवाज हाय.”

“मंग ह्यात मळी कोनी घातली?”

तेव्हा कुठं मला समजलं की चाचांनी तासाभरापूर्वी तो एक शब्द उच्चारला तेव्हा काय केलं होतं. ते गप्प राहिले असते, नुसतं ‘बरी हाय’ म्हणाले असते, तर पेरू, खोगीर, मध आणि ओक वहीत सुखानं नांदले असते. बाटली खोटी आहे हे सिद्ध झालं, तर पहिला संशय त्यांच्यावरच येणार होता. दहा वाजता बूच काढतानाच त्यांनी ओळखलं असणार. दोन तास त्यांनी हा विचार केला असणार. आणि तरीही परीक्षा त्यांनी स्वतःच मागून घेतली.

“मालक,” ते म्हणाले, “बूच मी काढलं तवाच वास आला. पन बाटली तुमची, आन् आदी तुमी बोलायचं, मंग मी, असा रिवाज. म्हनून थांबलो. आता याक सांगतो. दुसरी बाटली सोनईला तुमच्या घरी हाय. तिला माजा हात लागला न्हाई. ती मागवा. हितं समद्यांसमोर फोडा. ती खरी निगाली तर मी चोर. सोता ठान्यावर जातो.”

सोनईहून मोटारीनं बाटली यायला फार तर तीन तास लागले असते. मी आबासाहेबांकडं पाहिलं, मामांनी पाहिलं, सुभेदारांनीही पाहिलं.

“ती कलेक्टरसायबाची हाय,” आबासाहेब म्हणाले. “ती फोडायची न्हाई.”

यातून प्रत्येकाला जे कळायचं ते कळलं. पुण्याच्या दलालानं आबासाहेबांना फसवलं होतं, आणि ते उघड्या टेबलावर पाहण्याची त्यांची तयारी नव्हती.

“आबासाहेब,” मी म्हणालो, “हायड्रोमीटर फक्त कस सांगतो. बाटली मुळातच खोटी असेल तर…”

“गोरक्ष!” मामा म्हणाले. मी जे तासाभरापूर्वी बोलायला हवं होतं, ते आता कुणालाच नको होतं.

मग मामांनी वकिली केली. वही मिटली, चष्मा काढला, आवाज खाली आणला. “हे बघ, पीरमहंमद. एप्रिल महिना आहे, हवा वाईट आहे. तुला पडसं झालंय. नाक चोंदलं की माणसाला काहीही वास येतो. एवढंच म्हण, की साहेब, मला पडसं झालंय. आम्ही वहीत काही लिहीत नाही. चोरीचा विषय कुणी काढत नाही. उद्या तू ये, नेहमीसारखं काम कर. काय आबासाहेब?”

आबासाहेबांनी मान डोलावली. त्यांनाही ते हवं होतं. माणूस वाईट नव्हता तो; त्याला फक्त वाट हवी होती. सुभेदार तर आधीच म्हणाले, “म्हन की बाबा. पडसं काय, कुनालाबी हुतं.”

चाचांनी एक मोठा श्वास नाकानं आत घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल असा, दोन्ही नाकपुड्यांतून, मोकळा.

“मला पडसं झालेलं न्हाई, वकीलसाहेब.”

“मंग उद्यापास्नं यायचं न्हाई,” आबासाहेब म्हणाले.

“उद्याचं कशाला, मालक.”

त्यांनी क्लबाचा बिल्ला लावलेला पट्टा सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर नीट टांगला. मला वाटलं आता ते जातील. पण ते टेबलाशी आले आणि त्यांनी आमचे ग्लास गोळा करायला सुरुवात केली. आबासाहेबांच्या ग्लासात दोन बोटं व्हिस्की उरली होती.

“ऱ्हाऊ दे ते,” आबासाहेब म्हणाले.

“ही माज्या हातानं वाडलेली हाय. ही तुमच्या म्होरं सोडून मी जानार न्हाई.”

आबासाहेबांचा हात ग्लासावर होता. चाचा थांबले. ओढाओढ केली नाही, पण मागंही सरले नाहीत. वाकलेले, हात पुढं केलेला, तसेच उभे राहिले. मग आबासाहेबांनी हात काढून घेतला. चाचांनी चारही ग्लास आणि सुरई मोरीत रिकामी केली, पाण्यानं विसळली, फडक्यानं कोरडी केली, उजेडासमोर धरून डाग पाहिले, कपाटात ठेवली. मग ते गेले.

भिंगारमध्ये तीन दिवसांत सगळीकडं बोभाटा झाला की क्लबाच्या आबदारानं विलायती व्हिस्की काढून घेतली आणि मळीची भरून ठेवली. मशिदीत कुणीतरी म्हणालं, दारूत हात घालणाऱ्याचं दुसरं काय होणार. कँपातल्या मेसमध्ये त्यांनी काम मागितलं, तिथं आधीच्या धन्याची चिठ्ठी विचारली. चिठ्ठी नव्हती.

पुढच्या महिन्यात मी सुट्टीला आलो तेव्हा मामांनीच मला त्यांच्या घरी पाठवलं. निरोप तोच होता: अजूनही म्हण, जागा ठेवली आहे. आणखी एक गोष्ट मामा मला हळूच म्हणाले. दुसरी बाटली कलेक्टरसाहेबांना गेलीच नव्हती. आबासाहेबांनी त्यांना आंब्याच्या पेट्या पाठवल्या.

भिंगारच्या एका बोळात दोन खोल्यांचं घर. चाची, बद्रुन्निसा, दारात गोधडी शिवत बसल्या होत्या. मी निरोप सांगितला. त्यांनी सुई गोधडीत टोचून ठेवली.

“तुमीच सांगा त्यांना. मी सांगून सांगून दमले. आमच्या घरात समद्यांना पडसं हुतं. मला हुतं, लेकीला हुतं, शेजारच्या बकरीला हुतं. ह्यांनाच तेवडं होत न्हाई!”

चाचा आतून बाहेर आले. थोडे वाळले होते. मला बसायला बाज ओढून दिली.

“चाचा,” मी म्हणालो, “एक शब्द आहे. सगळ्यांना ठाऊक आहे की खरं काय. दुसरी बाटली त्यांनी दिलीच नाही साहेबाला.”

“मंग त्यांना म्हनू द्या की. त्यांनी म्हनावं, मी फसलो. त्योबी याकच शबुद हाय.”

“ते नाही म्हणणार.”

“बगा. त्यांना त्यांचा शबुद जड. आन् माजा हलका?”

चाची म्हणाल्या, “शब्दानं चूल पेटत न्हाई.”

“न्हाई पेटत,” चाचांनी लगेच कबूल केलं. मग माझ्याकडं वळून, मी वर्गातला विद्यार्थी असावा तसं समजावून सांगितलं. “साहेब, माज्याकडं दुसरं काय हाय? लिवता येत न्हाई. इंग्रजी चार शबुद. मी ‘हाय’ म्हनलो की हाय, ‘न्हाई’ म्हनलो की न्हाई, एवडंच. याकदा पडसं झाल्तं म्हनलं, की मंग उद्या खरी बाटली आली आन् मी ‘हाय’ म्हनलो, तरी तुमी म्हनाल, पडसं असंल म्हाताऱ्याला. मंग मी तिथं हुबा ऱ्हाऊन करू काय?”

यंत्राबद्दल माफी मागायची असं ठरवून आलो होतो. ती मी मागितली. ते म्हणाले, “तुमी नवीन हाय. पुडल्या बारीला आख्खं बोला.”

त्यानंतर वर्षभर भेट झाली नाही. क्लबात नवा आबदार आला. बैठका चालू राहिल्या असाव्यात. मी गेलो नाही.

पुढच्या साली मे महिन्यात मी बेलापूरकडं जाणाऱ्या गाडीत बसलो होतो. नगर स्टेशनावर गाडी उभी होती, फलाटाचा पत्रा तापून तडतडत होता. डब्याच्या दाराशी पाण्यासाठी गर्दी झाली होती. त्या काळी स्टेशनांवर पाण्याचे दोन रांजण असत, एकावर ‘हिंदू पाणी’ आणि दुसऱ्यावर ‘मुसलमान पाणी’ अशी पाटी. दुसऱ्या रांजणाशी पीरमहंमदचाचा उभे होते. रेल्वेचा निळा सदरा, हातात लांब दांड्याचं ओगराळं. समोर दहा-बारा माणसं, लोटे आणि बाटल्या पुढं करून.

त्यांनी रांजणाचं झाकण काढलं आणि वाकले. क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी झाकण बाजूला ठेवलं, रांजण दोन्ही हातांनी धरला आणि कलंडून दिला. सगळं पाणी फलाटावरून रुळांत गेलं.

ओरडा झाला. “अहो मियाँ, डोकं फिरलं का? गाडी सुटंल आता!” “उन्हाळ्यात पानी सांडता? काय झालंय पान्याला?”

“कुबट हाय,” चाचा म्हणाले. “कालचं भरलंय कोनीतरी. देनार न्हाई.”

“अहो, चालतंय आमाला!”

“तुमाला चालंल. मी देनार न्हाई.”

त्यांनी रांजणाच्या तळाशी हात घालून तो आतून घासला, पुसला. मग दोन बादल्या उचलल्या आणि फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, इंजिनाच्याही पुढं असलेल्या नळाकडं चालू लागले. लोक चिडून पांगले. काहीजण ‘हिंदू पाणी’ पाटीच्या रांजणाकडं गेले. तिथं रांग होती, पण पाणी होतं. मी खाली उतरलो. त्या रांगेत उभं राहायला मला कुणी अडवलं नसतं, पण मी रिकाम्या रांजणाशी जाऊन उभा राहिलो.

गार्डनं शिट्टी दिली. डब्यातून कुणीतरी मला हाक मारली, “ओ पावनं, चढा!”

चाचा परत येत होते. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, खांदे ताठ, पावलं एकसारखी. गाडी हलली तरी त्यांनी वेग वाढवला नाही; वाढवला असता तर पाणी हिंदकळलं असतं. त्यांच्या शेजारून डबे सरकत होते, खिडक्यांतून माणसं ओरडत होती, आणि ते मधोमध चालत होते.

त्यांनी मला पाहिलं. बादल्या खाली ठेवल्या.

“गाडी गेली की तुमची,” ते म्हणाले.

“दुसरी आहे संध्याकाळी.”

“पाटी वाचली न्हवं? हिकडचं हाय ह्ये.”

“वाचली,” मी म्हणालो आणि ओंजळ पुढं केली.

त्यांनी ओगराळं बुडवलं आणि वरून बारीक धार धरली. पाणी थंड होतं. ते माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं, आणि शेवटचा डबा फलाटाबाहेर पडेपर्यंत त्यांनी धार थांबवली नाही.